शेवटच्या बाकावरचा चेहरा

वर्गात तिला सगळे कुजबुज म्हणत. बोलायला उभी राहिली की तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचायचा नाही. "बाई, खाली सबटायटल लावा," मागून कुणीतरी म्हणायचं.

संभाषणकौशल्य शिकवणाऱ्या बाईंनी तिला वर्षभर तयार केलं. तोंडी परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. ही शेवटची संधी; ती गेली की पदवीही गेली. सरावाला बाई शेवटच्या बाकावर बसत. "बाकीच्यांकडे बघूच नकोस. माझ्याकडे बघ. माझी मान हलली की आवाज पोचला समज." कुजबुज तेवढं पक्कं शिकली. बाईंची मान हलत राहिली की ती न अडखळता बोलायची. एकदा तर सबटायटलवाल्यानेही टाळी वाजवली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "शिकवणाऱ्यांनी आत थांबायचं नाही. नियम आहे."

"मी मागे नुसती बसते. तोंडातून अक्षर काढणार नाही."

"मग नसलात तर काय बिघडतंय, मॅडम?"

ती माझ्याकडे बघूनच बोलू शकते, हे खरं उत्तर होतं. ते दिलं असतं तर मुलीचे गुण तिथेच गेले असते. बाई बाहेर आल्या.

दाराला वीतभर काच होती. आत कुजबुज फळ्यासमोर उभी राहिली. तिने शेवटच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता. ओठ हलेनात. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. तिची नजर भिरभिरत दाराकडे आली आणि काचेवर थांबली.

बाईंनी मान हलवली.

ती बोलू लागली. दार बाजूच्या भिंतीत होतं, त्यामुळे परीक्षकांकडे तिचं तोंडच राहिलं नाही. त्यांनी समोर बघायची खूण केली, ती तिला दिसलीच नाही. ते गुणपत्रिकेवर वाकले. श्रोत्यांकडे नजर ठेवण्याचे गुण वेगळे असतात. बाईंनीच ते वर्गात समजावलं होतं.

"मॅडम, दारातून बाजूला व्हा," शिपाई हळूच म्हणाला. "साहेब बघतायत."

"बाजूला झाले तर ती थांबेल."

"आणि उभ्या राहिलात तर?"

काचेतून एक शब्द ऐकू येत नव्हता. मुलगी मात्र शिकवल्यासारखी, हात मोकळे सोडून, मधेच हसून बोलत होती. बाई मान हलवत राहिल्या.