उजवीकडे कललेली टिटवी

नाक मुरडू नका. निदान सुरुवातीलाच नको. मी एका नावेतल्या पलंगाखालची टाकी बोलतेय. कसली टाकी? संडासाची, झालं! आता उठून जायचं असेल तर जा बापडे.

बसलात? बरं वाटलं.

जमिनीवर राहणाऱ्या माणसांचं मला पहिल्यापासून नवल वाटतं. पाणी सोडलं की संपलं. पुढे ते कुठे गेलं, कुणी साधी चौकशीसुद्धा करत नाही. नावेत राहणाऱ्यांना असं करून कसं चालेल? जे काही झालं ते बरोबर घेऊनच हिंडायचं. म्हणून कालव्याच्या काठी दोन नाववाले भेटले, की आधी हवापाणी, मग कुत्र्याची तब्येत आणि तिसरा विषय मी. तेही चहा पिता पिता!

मी जन्माला आले ती पिंप म्हणून. निळ्या जाड प्लॅस्टिकचं, गरगरीत. माझ्या पोटातून स्पेनहून संत्र्याचा रस इंग्लंडात आला. तो वास अजून माझ्या अंगात कुठेतरी आहे, असं मला तरी वाटतं. बाकी कुणाला वाटत नाही. रस संपल्यावर मला एका बागेत पन्हळीखाली उभं केलं. तिथे मी पावसाचं पाणी धरत होते आणि सुखात होते.

तिथून मला डेन्झिलनं आणलं. हा डेन्झिल कालव्यावर फिरून नावांना कोळसा विकतो. अंगानं आडवा, तोंडानं फाटका. त्यानं मला ताडपत्रीत गुंडाळलेलीच त्याच्या नावेतून काठावर ढकललं आणि ओरडला, "मुरिएल! घे तुझी नवरी. आता माझा केक कुठाय?"

"आधी तिला नीट उभी कर, मग केक," आतून आवाज आला.

ही मुरिएल माझी घडवणारी. सारा जन्म तिनं शिवणकाम केलं, लोकांच्या पँटी आखूड करून दिल्या. नवरा हेडली, बसच्या गराजमध्ये मेकॅनिक होता. दोघांनी कामं सोडल्यावर घर विकलं आणि ही लांबोडकी अरुंद नाव घेतली. तिचं नाव टिटवी. इतकी अरुंद, की एकाला पुढे जायचं असेल तर दुसऱ्यानं भिंतीला पाठ लावून पोट आत ओढायचं. दोघंही त्या वेळी एकमेकांना काहीतरी टोमणा मारायचीच.

माझ्या आधी टिटवीत संडासाखाली एक पेटी होती. ती भरली की उचलून, काठाच्या पायवाटेनं चालत नेऊन, ठरलेल्या जागी रिकामी करायची. ते काम हेडलीचं. एका हिवाळ्यात पायवाटेवर बर्फ धरलेलं असताना तो पेटीसकट घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण डावा पाय बोटभर आखूड झाला.

आता बोटभर म्हणजे तुम्हाला काहीच वाटणार नाही. पण टिटवीला कायमची जागा नव्हती. अशा नावेला दर पंधरवड्याला पुढे सरकावंच लागतं, तो इथला नियमच आहे. वाटेत लॉक लागतात, म्हणजे पाण्याच्या पायऱ्याच. जाडजूड दारं ढकलून उघडायची, तेव्हा नाव वर चढते. एकानं दारं ढकलायची, एकानं मागे उभं राहून सुकाणू धरायचं. दारं आता मुरिएलकडे आली. आणि हेडलीला सुकाणूपाशी धड उभं राहता येईना. थोडा वेळ झाला की कंबर भरून यायची. स्टुलावर बसलं तर लांबलचक छपरापलीकडचं काही दिसायचं नाही. इस्पितळानं एका पायाला जाड तळाचा बूट दिला होता, तो त्याच्या पायातून निसटून कालव्यात पडला. निसटला असं हेडली म्हणतो. मुरिएलचं म्हणणं, फेकला.

त्यांची मुलगी मार्शा स्टॅफर्डला राहायची. तिनं आईबापांसाठी तळमजल्यावरचं घर बघून ठेवलं होतं.

"आई, पेटी तुझ्यानं उचलवत नाही, सुकाणू बाबांना झेपत नाही. मग राहताय कशावर, हट्टावर?"

"हट्टावर काय वाईट राहता येतं?" मुरिएल म्हणाली.

"ऑक्टोबरच्या शेवटी मी येते. तोवर जमलं तर जमलं. नाहीतर टिटवी विकायची. कबूल?"

मग हेडलीच म्हणाला, "कबूल." त्याचा तो आवाज डेन्झिलला सांगताना मुरिएल रडली, म्हणून मला ठाऊक.

तर पेटीची कटकट संपवायला मुरिएलनं मला घडवलं. बाजारात पोलादी टाक्या मिळतात, पण टिटवीच्या पलंगाखालच्या कोपऱ्यात त्यातली एकही बसेना. मला पलंगाखालच्या अंधारात आडवी निजवून माझ्या कुशीत तिनं भोकं पाडली. एक संडासातून येणाऱ्या नळीचं, एक उपशाचं, एक हवेचं. हेडली पलंगावर पडून हुकूम सोडत होता.

"हवेची नळी जाड घे. आणि सरळ वर ने."

"बारीक चालेल. भिंतीला शोभून दिसेल."

"अगं, शोभा कसली करतेस तिची? तिला श्वास घेऊ दे, नाहीतर आपला बंद होईल."

भांडून भांडून जाड नळी बसली. हेडलीचं ते एक वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. मला श्वास लागतो, हे कुणाच्या तरी मनात आलं! मुरिएलनं सांधे इतके घट्ट बसवले, की एक थेंब गळाला नाही. दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं आणि दोघांनी मला थोपटलं. माझी सगळी मापं तिनं घेतली होती, लांबी, रुंदी, उंची. वजनाचं माप तेवढं राहिलं.

मी उजव्या भिंतीला होते. कोपरा तिथंच होता ना! आणि मी भरत चालले.

पलंगाखाली उजेड नसतो. मी सगळं ऐकूनच ओळखत होते. आधी ताटातले मटार एका बाजूला घरंगळल्याचं ऐकलं. मग कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. मग अंघोळीचं पाणी मोरीत जायचं सोडून भिंतीपाशी साचलं. टिटवी उजवीकडे कलली होती, आणि कलवणारी मी.

काठावरून डेन्झिल खदाखदा हसला. "मुरिएल, तुमचं किती भरलंय ते इथून दिसतंय गं!"

"तोंड बंद कर आणि कोळसा उतरव."

"कोळसा डावीकडे ठेवू ना? नाहीतर उलटायची टिटवी!"

तो गेल्यावर मुरिएल पलंगावर, अगदी माझ्या डोक्यावर बसली. "इतकी वर्षं मापं घेण्यात गेली माझी," ती म्हणाली, "आणि हे साधं सुचू नये?" लाजेनं मला तर फुटून जावंसं वाटलं. बरं झालं फुटले नाही.

यावर नाववाल्यांचा उपाय ठरलेला असतो. नाव एकीकडे कलली की दुसरीकडे विटा ठेवायच्या. विटा पुढच्या गावच्या धक्क्यावर मिळणार होत्या. टाकीतलं उपसून घेणारा माणूसही तिथलाच. वाटेत लॉकची रांग होती, आणि मार्शा त्याच धक्क्यावर येऊन थांबणार होती. ऑक्टोबर संपत आला होता.

"लॉकपर्यंत तू धर," मुरिएल म्हणाली. "मग मी आहेच."

"लॉकमध्ये तू दारं ढकलशील की सुकाणू धरशील?"

"बघू. दुखलं की ओरड."

निघालो. पहिलं लॉक आलं नि गेलं. दुसरं गेलं. मी कान लावून होते, स्टूल ओढल्याचा आवाज कधी येतो म्हणून. येईना. उलट हेडली शीळ घालायला लागला! मला कळेना, या माणसाला आज झालंय काय? तिसऱ्या लॉकनंतर मुरिएलची पावलं काठावर थबकली.

"हेडली."

"काय?"

"हलू नकोस. तसाच उभा राहा."

"का? कंबरेवर विंचू चढलाय का?"

"तुझ्या कंबरेचा पट्टा बघतेय."

"अगं, आत्ता?"

"लोकांना उभं करून पँटी बेतताना पहिला तोच बघायचा असतो. तू उभा राहिलास की तो डावीकडे उतरायचा. आज सरळ आहे. खांदेसुद्धा. हेडली, तू सरळ उभा आहेस रे!"

मग ती हसायला लागली. टिटवी उजवीकडे खाली, म्हणजे डावीकडे वर. हेडलीचा डावा पाय आखूड, आणि त्याच्या डाव्या पायाखालची जमीन नेमकी तेवढीच उचललेली. सुकाणू धरणाऱ्या माणसाचं तोंड कायम पुढेच असतं, त्यामुळे हे चालत होतं. नावेत मागे वळून चालू लागला तर मात्र दुप्पट लंगडायचा. त्यावर त्यानं तोडगा काढला. हल्ली तो चुलीपाशी सरळ चालत जातो आणि परतताना उलटा चालत येतो. टिटवीच्या अरुंद वाटेत आधीच मारामार, त्यात हा पाठीनं अंगावर येणार! मुरिएल रोज किंचाळते.

धक्क्यावर मार्शा उभी होतीच. लांबूनच ओरडली, "आई! नाव कलंडलीय!"

"कलंडलेली नाही. बसवलीय," मुरिएल म्हणाली. "चढ वर. बाबांबरोबर पुलापर्यंत जाऊन ये."

पुलापर्यंत जाऊन, वळून, परत आलो. एवढा वेळ बाप उभा आणि लेक शेजारी उभी. धक्क्यावर उतरताना एवढंच म्हणाली, "त्या घराच्या मालकाला नको म्हणून कळवते."

पण खरी मौज पुढेच. मला उपसल्यावर टिटवी सरळ झाली आणि हेडली पुन्हा वाकडा! त्या संध्याकाळी मुरिएल विटा घेऊन आली. सगळ्या उजवीकडे, माझ्या शेजारी रचल्या. मी भरत जाईन तशी एकेक वीट डावीकडे न्यायची, मी रिकामी झाले की सगळ्या पुन्हा उजवीकडे आणायच्या. सगळे नाववाले विटा ठेवतात ते नाव सरळ करायला. आमची मुरिएल ठेवते ती वाकडी राखायला. डेन्झिल म्हणाला, "मी कालव्यावर एकाहून एक वेडे पाहिले, पण तुम्ही दोघं..." आणि पुढचं वाक्य पूर्ण न करता त्यानं आपल्याच नावेतून आणखी विटा आणून दिल्या.

अशी बरीच वर्षं गेली. मग गेल्या वसंतात माझ्या बुडाला चीर पडली. प्लॅस्टिकच ते, किती टिकणार? टिटवीच्या त्या कोपऱ्याच्या मापानं नवी पोलादी टाकी बेतून घेतली. कारागीर म्हणाला, मधोमध बसवू या, म्हणजे नाव कलणार नाही. दोघं एकदम ओरडली, "उजवीकडे!" मार्शाही तिथेच होती. तीही ओरडली.

मला वाटलं, आपण आता भंगारात. मुरिएलनं मला घासलं, धुतलं, उन्हात वाळवलं, पुन्हा धुतलं. वास घेऊन पाहिला. मग करवतीनं उभी कापून माझी परात केली, माती भरली, टोमॅटो लावले आणि मला टिटवीच्या छपरावर ठेवलं. उजव्या कडेला, अर्थातच.

म्हणजे मी आता उजेडात आहे. कालवा पाहते, बदकं पाहते. एवढी वर्षं ज्या गोष्टी नुसत्या ऐकल्या, त्या पाहायची केवढी उत्सुकता होती मला! केकचा रंग कसा असतो, डेन्झिलचं तोंड खरंच फाटकं आहे का. नाहीये, चांगला देखणा आहे.

एकच मागणं आहे तुमच्याकडे. कधी कालव्याकाठी उभे असाल आणि एखादी नाव एका बाजूला कलून जाताना दिसली, तर हसू नका आणि "सरळ करा" म्हणून ओरडूही नका. आधी मागे सुकाणूकडे बघा, कोण उभं आहे ते.

मी पहिल्या दिवशी छपरावर आले तेव्हा तेच केलं. ज्याच्यासाठी मी भरत राहिले, त्याला मी कधी पाहिलंच नव्हतं. वळून बघितलं. बुटका, टकला, कानात केस असलेला म्हातारा, शीळ घालत सुकाणूपाशी सरळ उभा होता.