तोरणाचा खिळा

इंग्लंडमध्ये पाहिलेल्या एका दगडी घरानं शामकांतला अक्षरशः पछाडलं होतं. खेड्याबाहेरचं, तीनशे वर्षांचं घर. हातभर जाडीच्या भिंती आणि त्यांचा भार पेलणारा, दारावरचा एकच अख्खा आडवा दगड. शहाण्णव साली मनोहररावांनी सिंगापुरात बुओना व्हिस्टाजवळच्या आपल्या बंगल्याला तस्संच दार मागितलं, तेव्हा तिथल्याच तांजोंग पगार भागातल्या ऑफिसातला हा पुणेकर आर्किटेक्ट हरखून गेला. अर्थात इथे आत काँक्रीट आणि वर चिकटवलेली इंचभर दगडी लादी. दिसायला मात्र हुबेहूब!

"दारावर तोरणासाठी एक हुक ठेवा हं," मनोहररावांच्या पत्नी संजीवनीवहिनी म्हणाल्या होत्या.

"वहिनी, इंग्लिश दाराला हुक? सगळी शोभा जाईल हो!" शामकांत हसला होता. त्याही बिचाऱ्या हसल्या.

वास्तुशांतीला तो पोचला, तर दारावर झेंडूचं भरगच्च तोरण. खिळा थेट लादीत ठोकला होता, तिथून चीर गेली होती आणि लादीची वरची कड सुटली होती. खाली वहिनी येणाऱ्या बायकांना हळदीकुंकू लावत उभ्या होत्या.

हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, तोच मनोहररावांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "हे आमचे शामकांत! अस्सल दगडी घर उभं केलंय. प्रकाशराव, तुमचा बंगलाही यांनाच द्या."

चार लोकांत कसं सांगायचं, की हा दगड नुसता वरवरचा आहे? एवढं बोलणं होऊ दे, मग वहिनींना हळूच बाजूला घेऊ, असं त्यानं ठरवलं. अब्रूपायी माणूस किती नीच होतो! तो चक्क भिंतींच्या जाडीबद्दल बोलत राहिला.

वाऱ्यानं दार धाडकन आपटलं आणि लादी निखळली. कुंकवाचं तबक बराच वेळ जमिनीवर गरगरत होतं.

वहिनी हॉस्पिटलच्या वाटेवरच गेल्या.

संध्याकाळी मनोहरराव त्याच दारात बसले होते. "ती म्हणाली, एवढा मोठा दगड, एका खिळ्यानं काय होतंय? मीच ठोकला तो, शामकांत. मीच मारलं ना तिला?"

शामकांतनं वर पाहिलं. उघड्या पडलेल्या काँक्रीटमध्ये हुक बसवणं म्हणजे चुटकीसरशी होणारं काम होतं. मनोहरराव त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "नाही" एवढा एक शब्द म्हणायला त्याची जीभ उचलली नाही.