हाफटाइमच्या चिठ्ठ्या

विन्सेंट काहीतरी लपवतोय, असं मला काडेपेटीच्या काड्यांवरून वाटायला लागलं.

२००४ साल. आम्ही कतारमध्ये मेसईदला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. विन्सेंट वसईचा, माझा शेजारी. त्याची बायको डॉली नर्स, तिची ड्यूटी दोह्याला. शनिवारी संध्याकाळी मी आणि महाडचा इनायत त्याच्याकडे इंग्लंडची फुटबॉल मॅच बघायला जायचो. मॅच रेकॉर्ड केलेली असे, दोन तास उशिरा लागे. स्कोर आधी कुणी बघायचा नाही, असं ठरलेलं.

खेळ विन्सेंटनेच काढला. इंटरनेटवर लोक हे पैशाने करतात म्हणे. आमच्यात पैसा नव्हता. एकतर हराम, शिवाय पोलीस. प्रत्येकाला पाच चिठ्ठ्या, पन्नास काड्या. हाफटाइमला बरोबरी असली तर एका चिठ्ठीच्या दहा काड्या, नसली तर शून्य. तोवर आपसात खरेदी-विक्री. गोल झाला की भाव पडे. ज्याच्याकडे शेवटी काड्या सगळ्यात कमी, त्याने आपल्या घरी सगळ्यांचं जेवण करायचं.

नऊ शनिवार विन्सेंटच हरला. बरोबरी होणार असली की हा आपल्या चिठ्ठ्या मला दोन-दोन काड्यांना विके. गोल होणार असला की माझ्या आठला घेई.

"वसईवाल्याचं डोकं उन्हाने वितळलंय," इनायत म्हणे. "हमीदभाई, तुमचं नशीब बघा."

माझी बायको रुकैया वारली त्याला पाच महिने झाले होते. माझं नशीब मला ठाऊक होतं. आणि कुठलाही माणूस इतका नेमका चुकत नाही.

दहाव्या शनिवारी मी लवकर गेलो. विन्सेंट आत कांदे चिरत होता. टेबलावरचा त्याचा फोन वाजला. मी बटण दाबलं. दोह्याहून त्याच्या मित्राचा, गिरीशचा मेसेज होता: हाफटाइम, एक-शून्य.

मी फोन होता तिथे ठेवला. इनायत आला. मॅच लागली. पस्तीस मिनिटं झाली तरी गोल नाही.

"हमीदभाई, देता का चिठ्ठ्या? नऊ देतो," विन्सेंट म्हणाला.

मी पाचही दिल्या. चार मिनिटांनी गोल झाला.

"गिरीशचा मेसेज मी वाचलाय," मी म्हणालो.

"म्हणजे तुला माहीत असतं?" इनायत उठून उभा राहिला. "गाढवा, चोरी करून हरतोस?"

विन्सेंट टीव्हीकडेच बघत होता. "हमीदभाई, डॉलीने पाठवलेले डबे तुम्ही चारदा परत केलेत. बोलावलं तर आला नाहीत. जिंकलेलं जेवण तेवढं खाता."

मला राग आला. मी न जेवता घरी आलो. चहा आणि दुकानातली खुबूस रोटी, रोजचंच. रुकैया गेल्यापासून घरात तेवढंच व्हायचं.

पुढच्या शनिवारी मी गेलो, पण एका अटीवर. विन्सेंटचा फोन मी स्वतः तांदळाच्या डब्यात ठेवला. इनायतने सुरुवातीलाच माझ्या सगळ्या चिठ्ठ्या तीन-तीनला मागितल्या. दोन्ही टीम जोरात होत्या, गोल होणारच, म्हणून मी दिल्या. हाफटाइमला शून्य-शून्य. माझ्या काड्या सगळ्यात कमी.

"यल्ला, चला हमीदभाई, तुमच्याकडे," विन्सेंट म्हणाला.

रुकैयाच्या मसाल्याच्या डब्यात हळदीचा खडा झाला होता. तो मी चमच्याने फोडला. मीठ सापडेना, तिघांनी शोधलं. डाळ करपली. दोघांनी दोनदा मागून घेतली, मीही जेवलो.

भांडी घासताना मला आठवलं, इनायतचा फोन मी तांदळाच्या डब्यात ठेवलाच नव्हता.