गंगाबाईचे रीळ

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, हल्लीसारखा हातात मावणारा नव्हे. मला मॉरिशसच्या क्युरपिप गावी आणताना बस एका अंगाला कलली होती आणि कंडक्टरने माझे वेगळे तिकीट मागितले होते. पटत नसेल तर सोडून द्या. पुढचे मात्र खरे आहे.

माझा जन्म अमेरिकेतला. १९७४ साली एक परदेशी इंजिनिअर मॉरिशस सोडून निघाला, तेव्हा त्याच्या घरसामानाच्या विक्रीत सत्यदेवने मला घेतले. सत्यदेव पोस्टात कारकून. माझ्या तोलाचे यंत्र दुकानातून घ्यायला त्याला वर्षाचा पगार पुरला नसता. मी सायकलच्या भावात पडलो. "बों मार्शे, बों मार्शे," म्हणत तो माझी स्वस्ताई घरोघर सांगत फिरला. मी इतका स्वस्त का, हे त्याने कुणालाच विचारले नाही.

अमेरिकेची वीज सेकंदाला साठ ठेके देते, मॉरिशसची पन्नास. माझी मोटर त्या ठेक्यावर नाचणारी. तुलसीराम मिस्त्रीने ट्रान्सफॉर्मर जोडून विजेचा जोर उतरवला, पण ठेका तोच राहिला. मग मी रेंगाळत चालू लागलो. विकतच्या टेपांतल्या गायिका माझ्या तोंडून पैलवानांसारख्या गायच्या. सत्यदेव शेजाऱ्यांना ऐकवायचा, की भारी मशीनचा आवाज असाच भारदस्त असतो, तुमचे रेडिओ नुसते किरकिरतात. शेजारी माना डोलवायचे, आणि मी निर्लज्ज, फुशारून जायचो.

एके दिवशी त्याने आपल्या आईला, गंगाबाईला, माझ्यासमोर बसवले. गणपतीपुढे फेर धरून म्हणायची झाकरीची जुनी गाणी अख्ख्या कुटुंबात तिलाच तेवढी येत होती. ती तासभर गायली. मी ज्या संथ चालीने तिला टिपले, त्याच चालीने परत ऐकवले; म्हणून तिचा आवाज हुबेहूब आला. ते रीळ विद्यावतीने, तिच्या सुनेने, साडीत गुंडाळून कपाटात ठेवले.

१९७९मध्ये गंगाबाई गेली. मला कुणी हात लावेना. क्युरपिपची ओल माझ्या हाडात शिरली, मोटर गंजली. पुढच्या गणपतीला आईची गाणी घरात व्हावीत म्हणून सत्यदेवने पुन्हा तुलसीरामला गाठले. त्याने इथल्या विजेला मानवणारी नवी मोटर बसवली. मी जन्मात पहिल्यांदा इथे नीट चालू लागलो आणि तिथेच घात झाला.

गणपतीपुढे ते संथ चालीत टिपलेले रीळ माझ्या नव्या वेगाने फिरले, तर एक चिरकी पोर घाईघाईने गात सुटली. पाहुणे हसले. विद्यावती म्हणाली, ओलीने रीळ बिघडले असेल, राहू द्या. सत्यदेवने मला बंद केले.

"ही माझी आई नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने त्याच रिळावर रेडिओवरची भजने भरायला घेतली. मित्रांनो, नवे टिपण्याआधी जुने पुसायचे, ही माझी बनावटच आहे. एकेक गाणे मीच खाल्ले.

माझा टिपण्याचा लाल दिवा पाहून विद्यावती धावत आली. तिने मला थांबवले, काय उरले ते ऐकू लागली. शेवटचे थोडे उरले होते, तेही चिरके. तिला ऐकवेना. नवी मोटर बसवल्यापासून माझी पाठ उघडीच होती. आत फिरणाऱ्या चाकावर तिने बोट दाबले. चाक मंदावले, तसा रिळातला आवाज खाली उतरला.

"बास रे सत्या, घसा सुकला. दिते ठेव," गंगाबाई म्हणाली. चहाला ती दितेच म्हणायची.

सत्यदेव उठून जवळ आला. रीळ संपून टेपचे टोक फडफडू लागले, तरी विद्यावतीने बोट काढले नाही.

स्वस्तातली वस्तू जरूर घ्या, मित्रांनो. पण ती स्वस्त का, हे विचारा. आणि आपल्या माणसाचा आवाज ओळखू आला नाही, तर पुसण्याआधी एकदा चाकाला बोट लावून पाहा. मला सगळे ठाऊक होते, पण मला बोटे नव्हती.