भरलेली बाटली, कोरडा वेंडेल

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. 'जुनी' या शब्दाचा घोळ आधीच निस्तरते, म्हणजे पुढे भांडण नको. मी दिसते अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज शिपायाच्या कमरेवरची आणि माझा जन्म झाला तो मोबाइल फोन आल्यानंतर. एका पत्रेवाल्याने मला टिनच्या पत्र्यातून कापले, कमरेला नीट बसावी म्हणून चंद्रकोरीसारखा बाक दिला, सांध्यांना डाग दिला आणि आतून मधमाश्यांचे मेण फिरवले. तोंडाला लाकडी बूच बसवले. मग, मी चांगली चकचकीत दिसत असताना, त्याने मला व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले. का, तर मी म्हातारी दिसावी म्हणून! जन्मल्या दिवशीच म्हातारपण आले तर कुणाचा स्वभाव गोड राहील, तुम्हीच सांगा.

माझा मालक वेंडेल क्राट्झ. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली आणि आता तो निवृत्त आहे. पण जुलै महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी तो इंग्रज राजाच्या पलटणीतला शिपाई होतो. अंगात लाल लोकरीचा कोट, गुडघ्यापर्यंत विजार, डोक्यावर तिकोनी टोपी, खांद्यावर लांब बंदूक आणि कमरेला मी. पेनसिल्व्हेनियातल्या फोर्ट टॅलमनच्या बाहेर तंबू पडतात, समोरच्या झाडीत फ्रेंच जमतात आणि दोन दिवस सगळे मिळून अमेरिकेच्या भूमीवर इंग्रज-फ्रेंचांत झालेले, पणजोबांच्या पणजोबांचे युद्ध पुन्हा लढतात. फ्रेंच म्हणजे ओहायोतून आलेले दंतवैद्य आणि शिक्षक. किल्ला तरी कुठे खरा आहे? खरा केव्हाच जळून गेला. हा गावाने वर्गणी काढून त्याच जागेवर नव्याने बांधला आणि लाकडाला कीड लागू नये म्हणून औषधही पाजले. त्याचे आणि माझे बरे जमते.

माझ्या कौतुकाला कधीच तोटा नव्हता. तंबूतंबूतून लोक यायचे, मला उलटसुलट करून बघायचे. "कापडी वेष्टनाची शिवण हातची आहे की मशीनची?" असे डोळे बारीक करून विचारायचे. "डाग बघ कसा दिलाय, वा!" म्हणायचे. पण मित्रांनो, इतक्या वर्षांत एकाही शहाण्याने विचारले नाही की बाई, तुझ्या पोटात पाणी आहे का. पाणी होते! वेंडेल मला सकाळी काठोकाठ भरायचा आणि संध्याकाळी गवतावर ओतून द्यायचा. मधल्या वेळेत एक घोट घेतला असेल तर शपथ. भर उन्हात, लोकरीच्या कोटात, घामाने निथळत तो दिवसभर मला वाहायचा आणि मी त्याच्या कमरेवर डुचमळत, चरफडत बसायची. ज्या कामासाठी जन्म घेतला तेच काम सोडून बाकी सगळे आपल्याकडून करून घेतात, याचा संताप काय असतो ते कपाटातल्या पाहुण्यांसाठीच्या कपबश्यांना विचारा.

न पिण्याचे कारणही ऐकण्यासारखे आहे. त्या शनिवारी सकाळी चुलीवर बेकन तडतडत होते. वेंडेलची बायको मर्ना, डोक्याला पांढरी टोपी आणि अंगात घोळदार झगा घालून, धुराने डोळे चोळत अंडी परतत होती.

"पाणी पी, वेंडेल. आज ऊन पेटणार आहे," ती म्हणाली.

"पिऊन काय करू? या विजारीला बटणं किती आहेत माहितेय तुला? आणि संडास कुठे, तर पार गाड्या लावतात त्याच्या पलीकडे. राजाचा शिपाई लोकांदेखत प्लास्टिकच्या संडासापुढे रांगेत उभा राहिलेला बरा दिसेल का?"

"राजाच्या शिपायाला चक्कर आलेली बरी दिसेल होय?"

तेवढ्यात सार्जंट ड्वेन हूपर कॉफीचा मग घेऊन आला. हा पलटणीचा पुढारी, आवाज तोफेसारखा, जीभ त्याहून तिखट. वेंडेलला टोमणे मारल्याशिवाय त्याची कॉफी खाली उतरत नसे.

"काय रे म्हाताऱ्या, आज तरी मरणार का? फ्रेंच बिचारे दरवर्षी तुझ्यावर बार काढून थकले, आणि तू आपला खांबासारखा उभाच!"

हा टोमणा तसा खरा होता. लढाईत गोळ्या नसतात, नुसती बंदुकीची दारू उडवतात. कुणी कधी पडायचे ते आधी ठरलेले असते, पण ऐन वेळी सहसा कुणी पडत नाही. एवढा प्रवास करून आल्यावर पहिल्याच बाराला गवतात आडवे कोण होईल? वेंडेल तर कधीच पडला नव्हता.

"गुडघे बघ माझे," वेंडेल म्हणाला. "पडलो तर उचलायला क्रेन मागवावी लागेल."

"सबबी सांग अजून!"

"बरं बाबा, आज मरतो! असा मरतो की लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. मग तर झालं?"

"मर, पण कोट मळवू नकोस," मर्ना म्हणाली. "धुवायचा मलाच आहे."

सगळे हसले. मीही हसले असते, पण माझे बूच घट्ट बसवलेले होते.

दुपारी ढोल वाजला आणि आमची पलटण दरवाजातून मैदानात उतरली. दोरीपलीकडे लोक घडीच्या खुर्च्या टाकून लिंबाचे सरबत पीत बसले होते. भोंग्यावर निवेदक सांगत होता की हे वीर कसे उपाशीतापाशी लढले. मी वेंडेलच्या कमरेला होते, म्हणून जे कुणाला दिसले नाही ते मला कळले. सकाळपासून माझ्या वेष्टनात झिरपणारा त्याचा घाम थांबला होता. त्याचे अंग तव्यासारखे तापले होते. तो दारू भरायला लागला आणि मध्येच विसरून तसाच उभा राहिला. मग स्वतःशीच काही तरी पुटपुटला. बसचे ब्रेक, असे काहीसे. अरे, मी इथे आहे, तुझ्या हाताशी आहे, बूच काढ! पण बाटलीचे कोण ऐकतो?

आणि वेंडेल तोंडावर पडला.

फ्रेंचांनी अजून बारही काढला नव्हता. "अरे थांब, गोळी सुटू दे की!" ड्वेन दबक्या आवाजात ओरडला. लगेच समोरून बार निघाले, धूर झाला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "शाब्बास म्हाताऱ्या, झकास मेलास!" असे म्हणत ड्वेन त्याला ओलांडून पुढे गेला. पाठोपाठ पलटणही गेली. एकाचा बूट मला लागला, त्याने माझी माफी मागितली. मेलेल्याला हात लावायचा नाही, देखावा बिघडतो, असा रिवाज आहे ना! शेवटी ढोल वाजला की सगळे मेलेले उठतात, टोप्या काढतात आणि लोकांना नमस्कार करतात. वेंडेलही तेव्हा उठेल, असे सगळे धरून चालले होते. मी मात्र त्याच्या अंगाखाली अर्धी दबून त्याचा श्वास ऐकत होते आणि तो फार उथळ चालला होता. मला हात असते तर मी एकेकाची तिकोनी टोपी ओढून ज्याच्या त्याच्या तोंडात कोंबली असती.

मर्ना बाकीच्या बायकांबरोबर तटावर उभी होती. तिने पाहिले की वेंडेल बंदुकीवर पडला आहे. ती बंदूक तो कधी जमिनीवर टेकवत नसे. रात्री मऊ टॉवेलात गुंडाळायचा. मर्ना नेहमी म्हणायची, माझ्यावर कधी एवढं पांघरूण घातलं नाहीस. मरायचे नाटक करणाऱ्या वेंडेलने आधी बंदूक नीट बाजूला ठेवली असती, हे तिच्या ताबडतोब ध्यानात आले. ती झगा वर धरून धुरातून धावत सुटली.

"आणि ही पाहा," निवेदक भोंग्यावर गहिवरला, "शूर शिपायाची पत्नी, दुःखाने वेडी झालेली!"

पुन्हा टाळ्या! एका बाईने तर डोळे पुसले.

"डॉक्टर! कुणी डॉक्टरला बोलवा!" मर्ना ओरडत होती. पण हे वाक्य दरवर्षी कुणी ना कुणी ओरडतोच. त्यामुळे धावत आला तो पलटणीचा जुन्या काळचा वैद्य, हातात लाकूड कापायची करवत घेऊन. खऱ्या आयुष्यात हा माणूस विमा विकतो. "पाय कापू की हात?" त्याने लोकांकडे बघत मोठ्याने विचारले आणि खुर्च्यांमधून हशा पिकला.

मर्नाने त्याच्या हातातली करवत हिसकावून भिरकावली. "नऊ-एक-एकला फोन लाव, रुग्णवाहिका मागव! मोबाइल काढ, गाढवा, मोबाइल!"

छावणीत मोबाइलचे नावसुद्धा घ्यायचे नाही, असा कडक नियम आहे. मर्नाच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि हे नाटक नाही, हे ड्वेनला कळले. "बंदुका खाली!" तो ओरडला, आणि या वेळी त्याच्या आवाजात सार्जंट नव्हता. मग जी पळापळ झाली! "पाणी आणा! बर्फ आणा!" कुणी गाड्यांकडे धावले, कुणी सरबताच्या दुकानाकडे. मित्रांनो, यालाच काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मैदानातल्या प्रत्येक शिपायाच्या कमरेला पाण्याची बाटली लटकत होती. बहुतेकांच्या रिकाम्या, कारण भरलेली जड होते. ज्यांच्या भरलेल्या, त्यांना ते आठवत नव्हते.

मर्नाला आठवले. तिने वेंडेलला कुशीवर वळवले, कोटाची बटणे तोडली आणि माझे बूच धरून ओढले. ते फुगून अडकले होते, म्हणून दातांनी काढले. माझ्यातले पाणी तिने त्याच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर ओतले. "श्वास घे, वेंडेल. मळू दे कोट. मी धुते. तू श्वास घे." मी घळघळ रिकामी होत होते आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटत होते की माझ्यात अजून पाणी मावायला हवे होते.

रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. मी गवतातच राहिले. ड्वेनने मला उचलले आणि माझे बूच शोधून पुन्हा बसवले. संध्याकाळी मर्नाचा फोन आला. वेंडेल शुद्धीवर आला होता, डॉक्टर म्हणाले होते की वाचला. "पहिलं काय विचारलं, सांगू? बंदुकीला गंज तर लागला नाही ना!" ती हसत होती आणि रडतही होती.

आता सगळे शहाणे झाले असतील, असे तुम्हाला वाटेल. रविवारी सकाळी किल्ल्याचा व्यवस्थापक ड्वेनला भेटायला आला. "कालचा प्रसंग लोकांना फारच भावला हो. बायको धावत येते तो भाग. आज पुन्हा करता येईल का?"

"करू की," ड्वेन म्हणाला. "मरायला तुम्ही उभे राहता का?"

व्यवस्थापक निघून गेला. ड्वेनने मला काठोकाठ भरले आणि खांद्याला अडकवले.

दुपारी पुन्हा ढोल, पुन्हा धूर. ठरल्याप्रमाणे टोबायस नावाचा धिप्पाड सुतार छाती धरून, किंकाळी फोडून कोसळला. फार सुरेख कोसळला, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आणि त्याच क्षणी आमची सगळी पलटण बंदुका टाकून त्याच्याकडे धावली. एवढेच नाही, झाडीतून फ्रेंचसुद्धा धावत आले. एक दंतवैद्य गुडघ्यावर बसून त्याची नाडी बघू लागला.

"अरे, मेलोय मी! नियमाप्रमाणे मेलोय! सोडा मला!" टोबायस कुजबुजत होता.

खुर्च्यांमधले लोक कुरकुरले, तिकिटाचे पैसे फुकट गेले म्हणाले. ड्वेनने माझे बूच उघडले आणि मला टोबायसच्या तोंडाला लावले.

"आधी पाणी पी," तो म्हणाला. "मग मर."

टोबायसने मेणाच्या वासाने तोंड वाकडे केले, पण घटाघटा प्यायला. मग मी शेजारच्याकडे गेले, मग त्याच्या शेजारच्याकडे, मग त्या फ्रेंच दंतवैद्याकडे. लढाईचा पुरता बोजवारा उडाला.

मित्रांनो, मला जपून ठेवू नका, वापरा. आणि कुणी पडलेले दिसले, तर तो सोंग करतोय की खरेच पडलाय, याचा विचार करत उभे राहू नका. आधी हात लावून बघा. टाळ्या नंतरही वाजवता येतात.