भस्माचा हात

"जगदेवी, टाकीत हात घालायच्या आधी हात धू. आन् मग आणखी एकदा धू."

सिद्धरामअप्पा बायकोला हे इतक्यांदा म्हणायचे की जगदेवीबाईंच्या कानांनी ते ऐकणंच सोडून दिलं होतं. त्या यायच्या स्वयंपाकघरातून, हाताला तिखट नाहीतर तेल. तेव्हा हे बोलणं तिखटातेलापुरतंच, असं त्यांनी धरून ठेवलेलं.

लातूरच्या त्या घरात पुढच्या खोलीत निऑन माशांची टाकी होती. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर चकाकती निळी रेघ, शेपटाकडं लाल. राहायचे कळपानं, एक वळला की सगळे वळायचे. अप्पा लिंगैक्य झाले आणि मुलगा अमरेश म्हणाला, टाकी कुणाला तरी देऊन टाकू. जगदेवीबाई नाही म्हणाल्या. कारण नांदेडकडच्या उमरीच्या यशोदाबाई.

अप्पा उमरीला पोस्टात होते तेव्हा यशोदाबाई शेजारी राहायच्या. त्यांनी अप्पांना राखी बांधली ती कायमची. बदलीच्या वेळी अप्पांनी त्यांना एक लहान टाकी लावून दिली. पण दुकानातून आणलेले निऑन तिथल्या जड पाण्यात टिकेनात. एकच उरला. अप्पांनी शब्द दिला, पुढच्या खेपेला घरचीच पिल्लं आणतो, बोअरच्या पाण्याची हळूहळू सवय लावून. पुढची खेप झालीच नाही.

"वहिनी, कोपऱ्याला तोंड लावून बसून राहिलाय त्यो," यशोदाबाई फोनवर म्हणाल्या. "काचेत आपलीच सावली दिसली की तेवढा हालतो. खायचं बी सोडलं."

अप्पांची रीत जगदेवीबाईंनी वर्षानुवर्षं पाहिली होती. वेगळी छोटी टाकी, फिल्टरचं मऊ पाणी, तळाशी जाळी, भोवती काळं कापड. अंड्यांना उजेड सोसत नाही. पोट भरलेली मादी आणि एक नर संध्याकाळी सोडायचे. सकाळी अंडी पडली की दोघांना बाहेर काढायचं, नाहीतर आपलीच अंडी ते खातात. अप्पांचा शब्द पुरा करायला आता तीच रीत त्यांनी हाती घेतली.

बाईंचा नेम कडक. अंघोळ, मग डाव्या तळव्यावर इष्टलिंग घेऊन पूजा. त्याआधी तोंडात पाणी नाही, हातात काम नाही. पूजा आटोपली की त्याच हातानं त्या मासे काढायच्या. भस्म लावलेला हात, त्याच्याहून शुद्ध ते काय? पण अंडी दरवेळी पांढरी पडायची, वर कापसासारखी बुरशी. आपलीच भक्ती कमी पडतेय असं वाटून त्यांनी पाण्यात चिमूटभर भस्म सोडायला सुरुवात केली. अंडी आणखी लवकर पांढरी पडली. मग त्यांनी चिमूट मोठी केली.

"आत्या, माशांना दीक्षा द्यायलाव का काय?" सून वर्षाराणी म्हणाली. दोघी हसल्या, पण बाईंचं हसू ओठांवरच राहिलं. अप्पांच्या टाकीत अंडी धरणाऱ्या माद्या आता दोनच उरल्या होत्या, त्याही म्हाताऱ्या.

पुन्हा एकदा अंडी गेली आणि बाई टाकी रिकामी करून घासायला बसल्या. काचेच्या आतल्या बाजूला तीन बोटं उमटली होती, कपाळावर ओढतात तशी. जाळीवर राखेचा थर. फिल्टरचं मऊ पाणी त्या राखेनं बोअरच्या पाण्यासारखं जड केलं होतं. बाई ओला हात तसाच धरून बसून राहिल्या. आन् मग आणखी एकदा धू.

पण शिवाचं भस्म मोरीत कसं सोडायचं? जरा दम धरून त्यांनी दोघींतल्या एका मादीला नरासोबत पुन्हा सोडलं. सकाळी पूजा झाली, तशा त्या ताटात हात धुऊन ते पाणी अंगणातल्या बेलाच्या मुळाशी ओतून आल्या. पुन्हा एकदा हात धुतले, कोरडे केले, आणि मग मासे काढले.

या वेळी अंडी पांढरी पडली नाहीत. दुसऱ्या दिवशी काचेला डोळे असलेले बारीक दोरे चिकटलेले दिसले. पिल्लांना अंड्याचा बलक देतात असं वर्षाराणीनं कुठंतरी ऐकलं होतं, पण त्या घराच्या उंबऱ्याआत अंडं येत नाही. अप्पांसारखंच केळीच्या सालीचं मुरलेलं पाणी थेंबाथेंबानं दिलं. काही गेली. राहिली त्यांच्या अंगावर निळी रेघ आली. मग बाईंनी त्यांच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळायला घेतलं, वाटीवाटीनं.

पिल्लं पुरती रंगली तसं अमरेश म्हणाला, "रविवारी गाडीनं नेतो की, आई."

"अप्पांनी बी पुढच्या खेपेचंच म्हणलं होतं," त्या म्हणाल्या.

सोमवार होता, रविवार अजून लांब. उपासही होता. पूजा झाली, हात बेलाशी धुऊन झाले. पिल्लांचा कळप त्यांनी अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये सोडला, कॅन अप्पांच्या उपरण्यात गुंडाळून पिशवीत उभा ठेवला. वर्षाराणी आत कणीक मळत होती. जगदेवीबाईंनी पायात चपला सरकवल्या, पिशवी पोटाशी धरली आणि पाणी हिंदकळू नये म्हणून सावकाश पावलं टाकत नांदेडची गाडी धरायला निघाल्या.