काळी एकची फरफर

नितेश ही गोष्ट लिहिणारच नव्हता. तीनदा मोबाइलवर टाइप केली अन् तीनदा पुसली. ‘मी’ लिहिलं की अंगठा लबाडी करायचा, हळूच स्वतःची बाजू घ्यायचा. शेवटी ‘मी’च्या जागी ‘नितेश’ टाकून पाहिलं, तर जरा खरं उतरायला लागलं. म्हणून नितेशच राहू द्या.

नितेश परतवाड्याचा. दिवसा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर, अन् लग्नाच्या हंगामात खुशालरावांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर. गाणं कोणाकडे शिकला नाही. गल्लीत मोतीराम मास्तर राहायचे, शाळेतून रिटायर झालेले. त्यांच्या ओसरीतली पेटी बडवून बडवून जे आलं ते आलं. मास्तर म्हणायचे, पोट्ट्याचा हात दगड हाय, पन कान सोन्याचा.

त्या सोन्याच्या कानावर नितेश दहा वर्षं जगला. पैशानं नाही, मानानं. अचलपूरपासून अंजनगावपर्यंतचे बँडवाले, भजनवाले, कव्वालीवाले गाणं घेऊन त्याच्याकडे यायचे अन् म्हणायचे, याची पट्टी काढून दे. पट्टी म्हणजे गाणं पेटीच्या कोणत्या सुरावर उभं आहे ते. काळी एक, पांढरी दोन, असं. नितेश डोळे मिटायचा, पेटीवर बोट फिरवायचा, अन् मुद्दाम थोडा वेळ लावायचा. तेवढ्यात चहा व्हायचा. मग तो पट्टी सांगायचा, मागं कोणते सूर धरायचे ते कागदावर लिहून द्यायचा. लोक त्या कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवायचे, जशी काही डॉक्टरची चिठ्ठी.

मग जुबेरनं ते ॲप आणलं.

जुबेर त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बस स्टँडजवळ चाचाच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात बसायचा, अन् ऑर्केस्ट्रात दुसरा कीबोर्ड त्याचा. ॲपला गाणं ऐकवलं की स्क्रीनवर रंगीत चौकोन पळायला लागायचे, प्रत्येक चौकोनात एक कॉर्ड, अन् वर कोपऱ्यात पट्टी, इंग्रजीत. सगळं चहा उकळायच्या आत. हळूहळू लोक जुबेरच्या व्हॉट्सॲपवर गाणी टाकायला लागले अन् नितेशच्या घरी दूध उरायला लागलं.

मग नितेशनं काय काय केलं, तेही लिहून टाकलेलं बरं. आधी हसला. मशीनले काय समजते गान्यातलं, म्हणाला. मग अवघड अवघड गाणी शोधून जुबेरला पाठवायला लागला, ॲप तोंडावर पडावं म्हणून. एकदा पडलंही. रिद्धपूरच्या जत्रेतलं एक रेकॉर्डिंग होतं, मागं नगारा अन् खेळण्यांच्या पिपाण्या. ॲपनं पिपाणीचीच पट्टी काढली. त्या दिवशी नितेश दोन पोळ्या जास्त जेवला. मग एक दिवस चोरून तेच ॲप स्वतःच्या मोबाइलमध्ये घेतलं, अन् जिनिंगच्या मागं, कापसाच्या गाठींच्या आडोशाला बसून वीस गाणी तपासली. सतरा ठिकाणी दोघांचं जुळलं. एका ठिकाणी ॲप चुकलं. दोन ठिकाणी नितेश चुकला. त्यानं ॲप काढून टाकलं. त्या दोन चुका त्यानं आजपर्यंत कोणालाच सांगितल्या नव्हत्या.

अन् राग यावा असं जुबेर काही करायचा नाही, हा खरा त्रास. पट्टी काढून दिली की वर लोकांना म्हणायचा, एकदा नित्याच्या कानातून घाला, मोबाइल अंदाज सांगते, नित्या सांगते ते खरं. असल्या माणसावर जळणं म्हणजे मोठं अवघड काम. नितेशनं तेही जमवलं.

ते वर्ष बोंडअळीचं. कापूस बोंडातच किडला. जिनिंग दिवाळीनंतर महिनाभरही धड चालली नाही. लग्नं झाली, पण मंदिरात हार घालून. ऑर्केस्ट्राच्या तारखा अर्ध्यावर आल्या. डिसेंबरात खुशालरावांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की जानेवारीपासून दोन कीबोर्ड परवडत नाहीत, एकच ठेवणार. कोणाचा, ते अकोल्याचा कार्यक्रम झाला की सांगतो.

अकोल्याचा कार्यक्रम मोतीराम मास्तरांच्या आठवणीत होता. मास्तर जाऊन वर्ष होत आलं होतं, अन् त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तिकडे हॉल घेतला होता. मास्तरांनी स्वतः बांधलेलं एकच गाणं शिल्लक होतं, तेही एका कॅसेटमध्ये. ‘घाट उतरून आली थंडी, दार लोटून घे गं.’ ते ऑर्केस्ट्राच्या दामिनीनं गायचं होतं. खुशालरावांची अट एकच, मास्तरनं जसं गायलं तसंच पाहिजे. हे गाणं जो नीट बसवेल, जागा त्याची, हे न सांगता सगळ्यांना समजलं होतं.

जुबेरनं कॅसेट कम्प्युटरवर उतरवली अन् ॲपला ऐकवली. तालमीत सगळे त्याच्या स्क्रीनभोवती जमले. पहिलं कडवं पांढरी दोनमध्ये. दुसरं काळी दोनमध्ये. तिसरं पांढरी तीनमध्ये. पट्टी दोनदा चढलेली, लयही वाढलेली. जुबेर हरखून गेला. सिनेमातले मोठमोठे लोक शेवटच्या कडव्याला गाणं एक पायरी वर नेतात, आपल्या मास्तरनं परतवाड्यात बसून दोन पायऱ्या चढवल्या, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. खुशालरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. दामिनीच्या गळ्यासाठी सगळं गाणं वर उचलावं लागणार होतं, पण पायऱ्या जशाच्या तशा ठेवायच्या असं ठरलं.

नितेशला पायऱ्या ऐकूच येत नव्हत्या. त्याला ऐकू येत होतं ते वेगळंच. सूर कुठंही उडी मारत नव्हता, अंगणात सावली सरकते तसा सरकत सरकत वर जात होता. अन् अजून एक. मास्तरच्या पेटीत काळी एकचा सूर फाटका होता. ती दाबली की आत फरफर वाजायचं, पतंगाच्या फाटक्या कागदासारखं. नितेशनं ती हजारदा दाबली होती. कॅसेटमध्ये पहिल्या कडव्यात ती फरफर ‘सा’वर होती. तिसऱ्या कडव्यातही ‘सा’वरच होती. मास्तरनं खरंच पट्टी बदलली असती तर बोट दुसरीकडं गेलं असतं अन् फरफर मागं राहिली असती.

तो तालमीत काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरच्या घरी गेला. पार्बताकाकू, मास्तरची बायको, अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. त्यानं पेटी उघडली, काळी एक दाबली. फरफर. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, काकू, मास्तरनं ते थंडीचं गानं टेप केलं तवा तुमी होत्या काय घरी?

“होती न. म्याच तं टेपचं बटन दाबलं,” काकू म्हणाल्या. “लाइन कोठी राहे बापा तवा. बारा-बारा घंटे लोडशेडिंग. टॉर्चमंधले सेल काढून टेपात टाकले, अर्धे मेलेले. इकडे गानं सरलं अन् तिकडे टेप बी सरला.”

झालं, सगळा उलगडा झाला. सेल आधीच अर्धे मेलेले, अन् अजून मरत गेले तसा टेप अजून हळू फिरत गेला. हळू भरलेली कॅसेट नंतर चांगल्या लाइनवर लावली की आवाज चढतो, लयही पळते. मास्तर काळी एकवर बसले होते अन् शेवटपर्यंत तिथून हलले नव्हते. सरकत जाणारा सूर मोबाइलला कळला नाही, त्यानं जवळ दिसेल त्या पट्टीत तो कोंबला अन् त्याच्या पायऱ्या झाल्या.

नितेशला लय आनंद झाला. जुबेरला सांगावं, हा पहिला विचार नव्हता. दुसराही नव्हता. पहिला विचार असा आला की दुसऱ्या पायरीवर दामिनीचा गळा फाटणार, भर हॉलमध्ये, खुशालरावांसमोर. अन् मग नितेश पुढं येऊन सांगणार की मास्तरनं पट्टी बदललीच नव्हती, मोबाइलवाल्याले काय समजते.

त्याच संध्याकाळी जुबेर गाडीवर घरी आला. गाडी उभी केली, इअरफोनचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं, एक नितेशच्या कानात.

“नित्या, खरं सांग. तू तालमीत गप होता म्हनून आलो. तुले यात कुठी काही खटकते काय?”

एकाच वायरीला बांधलेले दोघं जवळजवळ उभे. कानात मास्तरचा आवाज, अन् त्याखाली ती फरफर, अगदी साफ.

“नाई बे,” नितेश म्हणाला. “बरोबर हाय.”

“पक्कं?”

“पक्कं.”

जुबेरचा चेहरा मोकळा झाला. नितेशच्या पाठीवर थाप मारून तो गेला. ती थाप दोन दिवस पाठीवरून उतरली नाही.

अकोल्याला रविवारी दुपारी तीनला कार्यक्रम. हॉल भरलेला, पहिल्या रांगेत पार्बताकाकू. जुबेर मुख्य कीबोर्डवर, नितेश बाजूला, त्याला नुसते लांब सूर धरायचे होते. दामिनीनं पहिलं कडवं घेतलं. दुसऱ्याला पायरी चढली. तिसऱ्याच्या तोंडावर नितेश दामिनीच्या गळ्याकडं पाहायला लागला. आता फाटते, आता फाटते.

नाही फाटला. पोरगी त्या पायरीवर अशी चढली की अर्धा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. खुशालरावांनी माइक हातात घेऊन सांगितलं की मास्तरांची ही लपलेली कला आमच्या जुबेरनं शोधून काढली. खाली उतरल्यावर नितेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, जानेवारीपासून जुबेर, मोठ्या कार्यक्रमाला तुले बोलावत जाऊ.

जुबेरसाठी नितेशनं खड्डा ठेवला होता. जुबेर त्यात पडलाच नाही. लोकांनी त्या खड्ड्यावर मंडप टाकला. अन् आता खरं सांगावं तर कोण ऐकणार? जागा गेली म्हणून बोलून राहिला, म्हणतील. जळकुकडा म्हणतील. ते काही खोटंही नव्हतं.

तो काकूंच्या पाया पडायला गेला. काकूंच्या मांडीवर सत्काराची शाल अन् नारळ.

“चांगलं झालं बापा. टाळ्या लय पडल्या,” त्या म्हणाल्या. मग शालीची घडी घालत हळूच म्हणाल्या, “पन त्यायचं गानं बसल्या जागचं होतं. दार लोटून घे, म्हने. हे तं दार तोडून आलं. मीच इसरली असन. म्हातारी झाली न आता.”

नितेशनं त्यांच्याकडं पाहिलं. मास्तरचं गाणं खरं कसं होतं, हे प्रत्यक्ष ऐकून माहीत असलेलं एकच माणूस उरलं होतं, अन् ते माणूस स्वतःचीच आठवण खोटी ठरवत होतं. नितेशच्या एका ‘पक्कं’मुळं.

जुबेर हॉलच्या मागच्या दारात वायरी गुंडाळत होता. नितेशनं त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. फरफर, सेल, काकूंकडं गेला होता ते, इअरफोन, सगळं. मध्ये थांबला नाही, थांबला असता तर परत सावरासावर सुरू झाली असती. जुबेरचे हात आधी गुंडाळत राहिले, मग थांबले. त्यानं मोबाइल काढला, इअरफोन दोन्ही कानांत घातला, अन् गाणं सुरुवातीपासून ऐकलं. शेवट परत ऐकला.

“सेल,” तो म्हणाला. हसला नाही. शिवीही दिली नाही. “मी गाडीवर आलो होतो, तवा तुले मालूम होतं?”

“हो.”

“काहून नाई सांगतलं मंग?”

“जळत होतो तुयावर. अजून बी जळतो.”

जुबेरनं इअरफोन काढून खिशात घातला अन् वायर परत गुंडाळायला घेतली.

“माया मोबाइल चुकला, यार,” तो म्हणाला. “पन तो खोटं नाई बोलला. तू बोलला.”

आत हॉलमध्ये खुर्च्या एकात एक घालण्याचा आवाज येत होता. मग जुबेर कामाचं बोलायला लागला, त्याची ती सवयच. कम्प्युटरवर कॅसेटचा वेग कमी करता येतो, म्हणाला, पण कुठं किती कमी करायचा ते मशीनला कळणार नाही. फरफर काळी एकवर येऊन बसली की नाही, ते काकूंच्या पेटीवर बोट ठेवून नितेशनं सांगायचं. उद्याच बसायचं, काकूंच्या घरी, त्यांच्यासमोर. खुशालरावांना अन् या अकोलेवाल्यांना चूक झाली म्हणून तो स्वतः सांगणार. नितेश म्हणाला, नाही, ते मी सांगीन, कसं झालं ते पूर्ण. जुबेरनं मान हलवली, बरं, दोघं सांगू.

“पन जागा मी सोडनार नाई,” तो म्हणाला. “आताच सांगून ठेवतो.”

“सोडू नको,” नितेश म्हणाला, अन् म्हणता म्हणताही जळलाच. त्यानं खाली वाकून वायरीचं दुसरं टोक उचललं अन् जुबेरच्या लयीत गुंडाळायला लागला.

“तुले एक शब्द देतो, जुब्या. यापुढं तुया गान्यात मले काही खटकलं, तं तवाच सांगीन. अन् ज्या दिवशी लय जळत असन न तुयावर, त्या दिवशी तं सगळ्यात आधी सांगीन.”